लाटणं थांबलं की गाणं पास

दादांचं सगळ्यात जास्त चाललेलं गाणं पंख्याचं होतं. छताला लावायच्या पंख्याची जाहिरात होती ती. टीव्हीवर लागली की दिल्लीत आमच्या मयूर विहारातली पोरं दोन्ही हात पसरून गोल फिरत ते गाणं म्हणायची. दादांच्या स्वतःच्या घरात मात्र त्या कंपनीचा पंखा नव्हता. ज्याच्यावर गाणं लिहिलं ते घरात ठेवू नये, असा त्यांचा नियम होता. प्रेमावर पन्नासेक गाणी लिहिली, म्हणूनच लग्न केलं नाही, असंही सांगायचे.

त्यांचं नाव उन्मेष टाकळकर. पूर्ण लिहिते, कारण ते कुठे लिहिलेलं मला कधी दिसलं नाही. जाहिरातीत पंख्याचं नाव होतं, पंख्याखाली झोपणारी बाई सगळ्यांना ठाऊक होती, गाणं लिहिणारा तेवढा राहिला. त्याचं वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर दादा म्हणायचे, पंख्याखाली नाव आलं असतं तर बहिणीला तोंड कसं दाखवलं असतं. पण एकदा मी कणीक मळत असताना न विचारताच म्हणाले, "मालनताई, एक तरी गाणं असं झालं पाहिजे की लोक म्हणतील, हे टाकळकराचं. एकच. मग कान गेले तरी चालतील."

मी ते नुसतं बोलण्यापुरतं बोलणं समजले.

त्यांच्याकडे मी सहा वर्षं स्वयंपाक केला. आमचे हे फौजेतून निवृत्त झाले आणि सोसायटीच्या गेटवर बसायला लागले, तेव्हापासून मी तिथल्या चार मराठी घरांत जायची. दादांचं घर शेवटचं. अकराच्या आधी जाऊन उपयोग नसायचा, ते उठलेलेच नसायचे. दार उघडायचे तेव्हा अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पांढरी कवटी. त्यांच्याकडे अशा सात कवट्या होत्या. धुऊन धुऊन कवटीचे दात गेले होते. पुढून डोक्याला टक्कल आणि मागे वीतभर शेपटी. एकदा मी एक फाटकी कवटी फरशी पुसायला घेतली. दुसऱ्या दिवशी दादा तीच घालून बँकेत जाऊन आले. म्हणाले, आज पहिल्यांदा बँकेतल्या माणसाने मला बसा म्हटलं.

त्यांच्या बँडचं नाव होतं पिछला दरवाजा. कॉलेजात असताना तिघांनी काढलेला. दादा गाणी लिहायचे आणि म्हणायचे, तिवारीजी गिटार वाजवायचे आणि बॉबी पाजी ड्रम. आता तिवारीजी विमा विकतात आणि बॉबी पाजींचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पण रविवारी दुपारी तिघं दुकानाच्या तळघरात जमायचेच. तरुणपणी त्यांची एक कॅसेट निघाली होती. ज्या महिन्यात निघाली त्याच महिन्यात कंपनी बंद पडली. उरलेल्यांपैकी चार कॅसेटी दादांनी फ्रीजच्या पायाखाली घातल्या होत्या. फ्रीज अजिबात हलायचा नाही. आमच्या संगीताने आयुष्यात एक तरी गोष्ट स्थिर केली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

दिल्लीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. मराठी माणूस दिल्लीत आला आणि फार पुढे गेला की पानिपत लागतं, म्हणून शहाण्याने मयूर विहारलाच उतरावं. पनीरबद्दलचं मत मी लिहीत नाही. पिठलं केलं तर ताट चाटून ठेवायचे.

खालच्या मजल्यावरच्या चोप्रा आंटी दादांच्या घरच्या गिटारच्या आवाजाची तक्रार घेऊन वर आल्या होत्या, ती गोष्ट सांगायला हवी. आंटी म्हणाल्या, "बेटा, तू ऊपर बजाता है, मेरे घुटने में बजता है." दादांनी हात जोडले, माफी मागितली, दार लावलं आणि तेच वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात एका कॉलेजात ते गाणं झालं आणि पाचशे पोरं 'घुटने में बजता है' म्हणून नाचली. दादांनी खाली जाऊन आंटींना तसं सांगितलं. आता भांडण होणार म्हणून मी जिन्यात उभी राहिले. आंटींनी त्यांना आत बसवून कांजी पाजली. तेव्हापासून त्यांच्याकडे पाहुणे आले की दादांना खाली बोलावणं यायचं आणि आंटी सांगायच्या, मेरे घुटने पे गाना है, तुम्हारे किसी अंग पे है?

मी फार बोलत नाही. चार घरांत जाते तरी कुणाच्या घरात माझा आवाज राहत नाही. दादांनी ते पहिल्या आठवड्यात ओळखलं. गाणं लिहायला ते स्वयंपाकघरातच बसायचे, ओट्याला टेकून, वही सिलिंडरवर ठेवून. ओळ झाली की मोठ्याने म्हणायचे आणि कसं वाटलं विचारायचे. मी म्हणायची, छान आहे. चार वेळा छान ऐकल्यावर त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, सुटले.

महिनाभराने कळलं की ते माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतात. त्यांच्या पोळपाटाचा एक पाय आखूड होता. लाटताना तो ओट्यावर टक करून वाजायचा. दोनदा लाटणं पुढे, एकदा पोळी वळवली की टक. मी पायाखाली कागद घालायला गेले तर दादा ओरडले, तो माझा दुसरा ड्रमर आहे, त्याला हात लावू नका. ओळ म्हटली आणि टकटक चालूच राहिली, तर ते त्या ओळीवर काट मारायचे. लाटणं थांबलं, तर ओळ पास. मी मुद्दाम थांबत नव्हते. आपोआप थांबायचं. कधी महिना महिना थांबायचं नाही. मग दादा चिडून म्हणायचे, "जरा बरी भाजी झाली असती आज, तर ओळ पण बरी झाली असती." आणि दुसऱ्यांदा भाजी वाढून घ्यायचे.

रॉक म्हणजे काय, हे मी त्यांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "भजनात म्हणतात, देवा, तू मोठा, मी लहान. रॉकमध्ये म्हणायचं, मी लहान आहे, पण गप्प बसणार नाही." मला ते पटलं. तेव्हाही मी गप्पच बसले.

सहाव्या वर्षी थंडीत कुकरचा प्रकार झाला. कोथिंबीर संपली होती. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून मी खाली गेले. गेटवर यांच्याशी बोलण्यात जरा वेळ गेला. वर येताना पहिल्या मजल्यावर करपल्याचा वास आला. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता, चोप्रा आंटी काठी घेऊन जिन्यात आल्या होत्या आणि दादा कुकरपासून हातभर अंतरावर उभे राहून शांतपणे लिहीत होते. एक तळवा ओट्याच्या दगडावर टेकलेला.

मी गॅस बंद केला. त्यांनी मान वर करून विचारलं, झाल्या का तीन?

लिहिण्याच्या नादात असतील म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीमागे स्टीलचं ताट टाकून पाहिलं. असं करायला नको होतं, पण केलं. ताट फरशीवर गोल फिरत फिरत बराच वेळ वाजत राहिलं. दादा वळले नाहीत. मग पायाला थरथर लागली असावी, वळून आधी ताटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"डावा गेला," ते म्हणाले. "उजव्यात थोडा जीव आहे. डॉक्टर म्हणतो, स्पीकरसमोर उभा राहिलास तर तोही जाईल. बॉबीला सांगायचं नाही."

बॉबी पाजींनाच का नाही, हे मला कळलं नाही. दादांनी समजावलं. तिवारीजींना कळलं तर ते एक पॉलिसी काढून देतील आणि विसरतील. बॉबी मायाळू आहे. तो मायेने घरी बसवेल. आणि घरी बसलो तर ते एक गाणं राहील.

मग लक्षात आलं की ओट्यावरचा तळवा टेकायला नव्हता. माझी टकटक ते दगडातून ऐकत होते. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात मराठी मंडळाचे सचिव जोगळेकर काका दादांकडे आले. संक्रांतीला दिल्लीची मंडळी बस करून पानिपतला काला अंबला जातात. तिथे लढाईत पडलेल्यांना फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, गुळाची पोळी खायची आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. यंदा तरुण पोरांना आवडेल असं एखादं वीरश्रीचं गाणं हवं, असं काकांचं म्हणणं. शौर्य पाहिजे, म्हणाले. दादांनी आठ दिवसांत त्यांना एक गाणं लिहून दिलं. त्यात तलवार अकरा वेळा आली होती. काकांनी ते खिशात जपून ठेवलं आणि जाताना दादांच्या पाठीवर थाप मारली.

ते गेल्यावर दादा म्हणाले, हे काकांचं गाणं. आता आपलं लिहू.

आपलं गाणं तलवारीचं नव्हतं. दादांनी कुठेतरी वाचलं होतं की त्या फौजेबरोबर लढणाऱ्यांइतकीच न लढणारी माणसं चालत होती. यात्रेला निघालेली, दुकानं मांडणारी, आणि रांधणाऱ्या बायका. शेवटी धान्य संपलं तरी त्या होत्याच. त्यांचं पुढे काय झालं ते कुणी नीट लिहिलं नाही. गाणं त्यांच्यातल्या एकीचं. ताल माझ्या पोळपाटाचा, दोनदा पुढे आणि एकदा टक. तळघरात बॉबी पाजी महिनाभर ती टक ड्रमवर बसवत होते. दादांनी त्यांना सांगितलं होतं की हा फार जुना मावळी ताल आहे. पाजींना अभिमान वाटला.

गाण्यातल्या बहुतेक ओळी माझ्यासमोर पास झाल्या. एका ओळीला तर पोळी पोळपाटाला चिकटली, इतकं थांबलं लाटणं. फक्त शेवटची ओळ येत नव्हती. दहा ओळी झाल्या, दहांवर काट बसली. संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा दादा म्हणाले, ती येईल वाटेत.

आणि मग खरी अडचण सांगितली. मंचावर स्पीकर लागले की त्यांना नुसता गोंगाट कळतो, ताल कळत नाही. बघून घ्यावा तर ड्रमवाला गाणाऱ्याच्या पाठीमागे बसतो. समोर कुणीतरी हवं, ज्याच्या हाताकडे बघता येईल. त्याने बॉबीचा ड्रम ऐकायचा आणि हात चालवायचा.

"तुम्ही पहिल्या रांगेत बसा," ते म्हणाले. "फक्त पोळ्या लाटा. लाटणं नको, हात पुरे."

मी नाही म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलं असेन. एवढ्या माणसांत पहिल्या रांगेत बसून हवेत पोळ्या लाटायच्या? दादांनी आग्रह केला नाही. पानात वाढलेलं पिठलं तसंच ठेवून ते खोलीत गेले. सहा वर्षांत पिठलं कधी उरलं नव्हतं. मी भांडी घासली, ओटा पुसला आणि दारातून म्हटलं, येईन.

काला अंबला उघड्यावर सतरंज्या घातल्या होत्या. ऊन होतं पण वारा बोचरा. लष्कराच्या छावणीतून जवानांची कुटुंबं आली होती, दिल्लीहून आमच्या दोन बसेस. मी पहिल्या रांगेत कडेला बसले, शाल लपेटून. गाणं सुरू झालं तसा मी शालीच्या आत हात चालवायला लागले. दादा मंचावर, दात गेलेली कवटी घालून, तोंड माईकला लावून माझ्याकडे डोळे वटारायला लागले. मग मी हात बाहेर काढले. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या. त्यांना वाटलं असणार, बाईच्या अंगात येतंय.

पण ताल सापडला. बॉबी पाजींची टक, माझा हात, दादांचे डोळे. जोगळेकर काका खिशातला कागद काढून तलवार शोधत होते आणि ती येत नव्हती. पुढे एका जवानाच्या बायकोने मांडीवर ताल धरला. मग आणखी दोघींनी. मला लाज वाटेनाशी झाली. आणि मग शेवटची ओळ आली. ती बसमध्ये झाली होती, मी ती ऐकलेली नव्हती.

नावं ज्यांची कोरायची त्यांची कोरून झाली,
तिचं मूठभर पीठ अजून परातीत आहे.

माझा हात थांबला.

इतकी वर्षं हाताने तेच केलं होतं, तेच तिथे केलं. आणि हात थांबला म्हणून दादा थांबले. एकदम, तोंड उघडं ठेवून. बॉबी पाजींचे दोन ठोके पुढे गेले आणि तेही थांबले. तिवारीजींची गिटार जरा कण्हली. मग नुसता वारा. ओळ चांगली निघाली तर माझं लाटणं थांबतं, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्या दोघांपैकी एकाच्याही हे आधी ध्यानात आलं नाही.

सगळ्यांत आधी जोगळेकर काका उठले. त्यांना वाटलं, श्रद्धांजली आहे. त्यांनी हात जोडून मान खाली घातली. ते उठले म्हणून पाहुणे उठले, पाहुणे उठले म्हणून जवान उठले, मग सगळ्या सतरंज्या उठल्या. पाचसातशे माणसं गप्प उभी. दादांना वाटलं, लोक उठून चालले. त्यांचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. मी तेवढी बसलेली होते. मी घाईने हात पुन्हा चालवला. दादांनी तो पाहिला आणि गाणं पुन्हा सुरू केलं, पहिल्या ओळीपासून. लोकांनी तेही उभ्यानेच ऐकलं.

काका नंतर म्हणाले, मधलं मौन फार कल्पक होतं, तलवार मात्र हवी होती.

बॉबी पाजी फसले नाहीत. पोळ्या वाटताना ते गुळाची पोळी हातात घेऊन दादांच्या समोर, अगदी तोंडासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे एकदा बघून हळू म्हणाले, "कब से?"

दादांनी बोटं दाखवली. दोन वर्षं.

पाजींनी आधी अर्धी पोळी खाल्ली. मग म्हणाले, "तीस साल से मैं बेताल बजा रहा हूँ. साले, अब जाके तू मेरे लायक हुआ." आणि दादांच्या खांद्यावर डोकं ठेवून इतके रडले की कवटी भिजली. दादा त्यांची पगडी सावरत म्हणत होते, उजवीकडून रड, डावीकडून काही कळत नाही.

त्यानंतर रविवारचं तळघर बंद झालं. मायेनेच झालं. उजवा कान पंधरवड्यात आणखी उतरला.

रथसप्तमीच्या आधी छावणीत एका सुभेदारांच्या घरी हळदीकुंकू होतं. आमच्या यांच्या ओळखीमुळे मलाही बोलावणं होतं. तिथे मांडीवर ताल धरणारी ती काला अंबची बाई भेटली. तिला गाणं म्हणायचा आग्रह झाला आणि तिने तेच गाणं म्हटलं. पुष्कळसं बरोबर. बायकांनी ताल धरला. कुणीतरी विचारलं, कुणाचं गं गाणं हे? ती म्हणाली, कुणाचं नाही, जुनंच आहे, जात्यावरचं.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वाण हातात आलं, सगळ्या उठल्या, आणि ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी ते दादांना लिहून दाखवलं. आता बोलून भागत नव्हतं, आणि माझ्या चौथीपर्यंतच्या अक्षराची त्यांना सवय झाली होती. त्यांनी दोनदा वाचलं आणि हसत सुटले. लोक मेल्यावर दोनशे वर्षांनी पारंपरिक होतात, मी पंधरा दिवसांत झालो, म्हणाले. पंख्यापेक्षा बढती आहे. दुपारभर ते ज्याला त्याला फोनवर लिहून कळवत होते. पण पोळी अर्धीच खाल्ली. ताट उचलताना मी म्हटलं, मी सांगायला हवं होतं. त्यांच्याकडे पाठ करून म्हटलं, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही.

होळीच्या आधी बहीण त्यांना नाशिकला घेऊन गेली. निजामुद्दीन स्टेशनवर दुपारी आम्ही सोडायला गेलो, मी, आमचे हे, चोप्रा आंटी आणि बॉबी पाजी. सामानात गिटार होती, सात कवट्या होत्या, आणि बहिणीच्या नाकावर टिच्चून तो आखूड पायाचा पोळपाट. कॅसेटी फ्रीजखालीच राहिल्या, फ्रीज आंटींनी घेतला. मला त्यांनी गाण्यांची वही दिली. अर्धी कोरी आहे, हिशेब लिहू नका तेवढं, असं म्हणाले. हे मी तिच्याच मागच्या पानांवर लिहिते आहे.

गाडीला काच होती, उघडत नव्हती. बॉबी पाजी बाहेरून मोठमोठ्याने काहीतरी सांगत होते, कुणाला ऐकू जाणार होतं कोण जाणे. दादांनी त्यांच्याकडे बघून जीभ काढली. मग बोटाने काचेवर ठोकायला लागले. दोनदा, आणि एकदा. माझ्याकडे बघत.

फलाटावर केवढी माणसं होती. मी पिशवी यांच्या हातात दिली आणि लाटायला लागले. कुणी वळून पाहत होतं, कुणी हसत होतं. गाडी हलली. दादांचं बोट काचेवर चालू होतं आणि ते गात होते, तोंडावरून मला ओळ कळत होती. शेवटची ओळ आली तेव्हा हात थांबायला आला होता. मी थांबू दिला नाही. डबा दिसेनासा होईपर्यंत लाटत राहिले.